जोगेंद्रनाथ मंडल यांना आम्ही किती ओळखतो?

१४ एप्रिल असो, २६ नोव्हेंबर असो की ६ डिसेंबर, आपल्या सभांमधून महाप्राण जोगेंद्रनाथ मंडल यांचे नाव हमखास घेतले जाते. बाबासाहेबांना संविधान सभेत पाठवणारा बंगालचा वाघ, असे वक्ता सांगतो, टाळ्या पडतात आणि विषय पुढे सरकतो. दुसरीकडे सवर्ण लेखकांच्या पुस्तकांत हेच जोगेंद्रनाथ वेगळ्या वेषात भेटतात. पाकिस्तानात गेलेला, जिनांच्या मंत्रिमंडळात बसलेला आणि शेवटी पळून आलेला माणूस, एवढीच तिथे त्यांची ओळख. एका बाजूने त्यांच्या आयुष्यातला एक महिना उचलायचा, दुसऱ्या बाजूने तीन वर्षे उचलायची, आणि उरलेला माणूस दोघांनीही टाकून द्यायचा, असा हा प्रकार आहे.

आम्हाला हे दोन्ही मान्य नाही. ज्या माणसाने १९३७ पासून दहा वर्षे बंगालच्या विधिमंडळात अस्पृश्यांचे राजकारण उभे केले, त्याला केवळ मतदान करणारा हात म्हणून लक्षात ठेवणे हा त्याचा गौरव नव्हे. आणि त्याचे चुकले असेल तर कुठे चुकले हे शत्रूकडून ऐकण्यापेक्षा आपण आपल्या तोंडाने सांगितलेले बरे. कारण जो प्रश्न १९४३ मध्ये आणि पुन्हा १९४७ मध्ये जोगेंद्रनाथांपुढे उभा राहिला, तोच प्रश्न प्रत्येक निवडणुकीच्या तोंडावर आपल्यापुढे उभा राहतो. अल्पसंख्य समाजाने मोठ्या पक्षाशी हातमिळवणी करायची तर कोणत्या अटीवर?

ज्या मातीतून ते आले

जोगेंद्रनाथ समजून घ्यायचे तर आधी नामशूद्र समाज समजून घेतला पाहिजे. बाकरगंज, फरीदपूर, जेसोर, खुलना हा पूर्व बंगालचा नद्या-खाड्यांचा, दलदलीचा मुलूख. तिथली पाणथळ जमीन उपसून, बांध घालून, भाताखाली आणणारा हा कष्टकरी समाज. जमीन कसायची नामशूद्रांनी आणि मुसलमान कुळांनी, सारा खायचा सवर्ण हिंदू जमीनदारांनी. १७९३ च्या कायमधारा पद्धतीने ही व्यवस्था पक्की करून ठेवली होती. वर या समाजाला सरकारी कागदांतही ‘चांडाळ’ म्हटले जाई.

पण हा समाज मुकाट सोसणारा नव्हता. १८७२-७३ साली फरीदपूर-बाकरगंज भागात नामशूद्रांनी सवर्णांच्या कामावर बहिष्कार टाकला. त्यांची शेते कसायची नाहीत, घरे शाकारायची नाहीत, चाकरी करायची नाही. कित्येक महिने हा बहिष्कार चालला. १८७३ म्हणजे महात्मा जोतीराव फुले पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन करीत होते तेच साल! हजार मैलांच्या अंतरावर, एकमेकांची ओळखदेख नसताना, दोन समाज एकाच वेळी ताठ उभे राहत होते, हे आपल्या मुलांना कोणत्या शाळेत शिकवले जाते?

याच समाजात हरिचंद ठाकूर (१८१२-१८७८) यांनी मतुआ पंथ उभा केला. भट-पुरोहित नको, तीर्थ नको, दीक्षा नको. संसार करावा, कष्ट करावे, नाम घ्यावे, इतका साधा धर्म. त्यांचे चिरंजीव गुरुचंद ठाकूर यांनी या पंथाला शिक्षणाच्या कामाला जुंपले. १८८० साली ओडाकांदी या गावी त्यांनी शाळा सुरू केली. पुढे सी. एस. मीड या ऑस्ट्रेलियन बाप्टिस्ट मिशनऱ्याच्या मदतीने तिथे इंग्रजी हायस्कूल झाले. १९०५ च्या स्वदेशी चळवळीत सवर्ण पुढाऱ्यांनी हाक दिली तेव्हा गुरुचंदांनी आपल्या समाजाला त्या चळवळीपासून दूर ठेवले. ज्यांच्या अंगावर धड कापड नाही त्यांनी कोणते परदेशी कापड जाळायचे, असा हा रोकडा प्रश्न होता. १९११ च्या शिरगणतीत ‘चांडाळ’ हे नाव गेले आणि ‘नामशूद्र’ हे नाव लागले. ती कुणाची मेहेरबानी नव्हती, चाळीस वर्षांच्या लढ्याचे ते फळ होते.

अशा तापलेल्या मातीत, बाकरगंज जिल्ह्यातील गौरनदी ठाण्याच्या मैस्तरकांदी गावी २९ जानेवारी १९०४ रोजी जोगेंद्रनाथांचा जन्म झाला. बारिसालच्या ब्रजमोहन कॉलेजातून ते १९२९ साली बी.ए. झाले, १९३४ साली कलकत्त्यातून कायद्याची पदवी घेतली आणि वकिली सुरू केली. गुरुचंद ठाकुरांनी पेरलेल्या शिक्षणाचे हे दुसऱ्या पिढीचे पीक होते.

राखीव नव्हे, सर्वसाधारण जागा

१९३५ च्या कायद्याखाली १९३७ साली प्रांतिक विधानसभांच्या निवडणुका झाल्या. पुणे कराराने बंगालमध्ये अस्पृश्यांसाठी ३० जागा राखून ठेवल्या होत्या. तेहतीस वर्षांचा हा नवखा वकील उभा राहिला तो मात्र बाकरगंज ईशान्य या सर्वसाधारण जागेवर, अपक्ष म्हणून! समोर काँग्रेसचे सरलकुमार दत्त. ते बारिसालचे थोर पुढारी अश्विनीकुमार दत्त यांचे पुतणे. घराणे, पक्ष, पैसा, वर्तमानपत्रे सगळे त्यांच्या बाजूला. आणि तरी जोगेंद्रनाथ निवडून आले.

या विजयाचे मोल नीट लक्षात घेतले पाहिजे. त्या काळी मताचा अधिकार सगळ्यांना नव्हता. कर, मालमत्ता, शिक्षण अशा अटींतून जो पार पडेल त्यालाच मत. अशा मतदारसंघात एक नामशूद्र तरुण बड्या घराण्याच्या काँग्रेसी उमेदवाराला पाडतो, याचा अर्थ त्यामागे पन्नास-साठ वर्षांत घडलेला, शिकलेला, संघटित झालेला समाज होता. जोगेंद्रनाथांची ताकद ही अशी खालून आलेली होती. कोणा वरिष्ठाने खांद्यावर हात ठेवून दिलेली नव्हती. गुरुचंद ठाकूर त्याच वर्षी वारले. एक पर्व संपले आणि दुसरे सुरू झाले.

सुरुवातीच्या काळात जोगेंद्रनाथ काँग्रेसचे हाडवैरी नव्हते, हेही सांगितले पाहिजे. सुभाषचंद्र बोस आणि शरत्चंद्र बोस यांच्याशी त्यांचा जवळचा संबंध होता आणि बोस गटाच्या पाठिंब्यावर ते कलकत्ता महापालिकेतही गेले. पण सुभाषबाबूंना काँग्रेसमधून ज्या रीतीने बाहेर काढण्यात आले ते त्यांनी पाहिले. बोस बंधूंसारख्यांची जिथे ही गत, तिथे नामशूद्रांचे काय होणार, हे कळायला त्यांना वेळ लागला नाही. १९४१ च्या जानेवारीत सुभाषबाबू देशाबाहेर गेले. त्यानंतर जोगेंद्रनाथ जे काँग्रेसपासून दूर झाले ते कायमचेच.

तीस जागांचे गणित

बंगालच्या विधानसभेत एकूण २५० जागा होत्या. मुसलमानांच्या ११९, युरोपियनांच्या २५, सर्वसाधारण ८० आणि त्या ८० पैकी ३० अनुसूचित जातींच्या. उरलेल्या जागा व्यापारी, जमीनदार, कामगार वगैरेंच्या. हे आकडे वाचकांनी नजरेसमोर ठेवावेत. एकट्याच्या बळावर सरकार चालवू शकेल असा गट सभागृहात नव्हता. तेव्हा हे तीस आमदार एका मुठीत राहिले तर कुणाला खुर्चीवर बसवायचे आणि कुणाला उठवायचे हे ते ठरवू शकत होते.

पण ते एका मुठीत कधीच राहिले नाहीत. काही काँग्रेसकडे, काही फजलुल हक यांच्या मागे, काही लीगच्या मंत्रिमंडळाकडे डोळे लावून. हक यांनी प्रत्येक मंत्रिमंडळात एखादा दलित मंत्री घ्यायचा आणि बाकीच्यांना झुलवत ठेवायचे, असे चालले होते. १९३८ पासून जोगेंद्रनाथांनी या आमदारांचा स्वतंत्र गट बांधण्याचा प्रयत्न चालवला. त्याचे फळ १९४३ साली मिळाले.

मार्च १९४३ मध्ये हक यांचे मंत्रिमंडळ पडले. मुस्लिम लीगचे ख्वाजा नाझिमुद्दीन सरकार बनवू पाहत होते आणि त्यांना आमदार कमी पडत होते. जोगेंद्रनाथांच्या मागे तेव्हा २१ अनुसूचित जातींचे आमदार होते. त्यांनी पाठिंबा दिला, पण आधी अटी ठेवल्या. एक, मंत्रिमंडळात अनुसूचित जातींचे तीन मंत्री. दोन, अनुसूचित जातींच्या शिक्षणासाठी दरवर्षी पाच लाख रुपयांची कायम तरतूद. तीन, सरकारी नोकऱ्यांत जातवार प्रमाणाच्या नियमाची बिनशर्त अंमलबजावणी. या अटी मान्य झाल्यावरच ते मंत्री झाले. सहकारी पतपुरवठा आणि ग्रामीण कर्जबाजारीपणा हे खाते त्यांच्याकडे आले. ज्या समाजाचा जन्म कर्जात आणि मरण कर्जात, त्याच्या प्रतिनिधीकडे हे खाते यावे यात औचित्यही होते.

लीगशी हातमिळवणी कशासाठी? जोगेंद्रनाथांचे उत्तर सरळ होते. बंगालचा सामान्य मुसलमान आणि नामशूद्र दोघेही शेतकरी, दोघेही मजूर, दोघेही मच्छीमार, दोघेही शिक्षणात मागे आणि दोघांच्याही मानेवर जमीनदार-सावकार तोच. पोटाचा प्रश्न एक असेल तर राजकारणही एक होऊ शकते, असे त्यांचे म्हणणे होते. हे म्हणणे हास्यास्पद मुळीच नव्हते. १९४३ च्या बंगालमध्ये ते बरेचसे खरे होते.

मात्र आम्ही येथे एक गोष्ट दडपून ठेवणार नाही. हेच १९४३ हे बंगालच्या महादुष्काळाचे वर्ष. सरकारी चौकशी आयोगाच्या अंदाजाने १५ लाख आणि नंतरच्या अभ्यासकांच्या अंदाजाने ३० लाखांपर्यंत माणसे भूक आणि रोगराईने मेली. मेले कोण? भूमिहीन मजूर, मच्छीमार, नावाडी, म्हणजे आपलीच माणसे. युद्धासाठी तांदूळ आणि होड्या काढून घेणारे इंग्रज सरकार याला पहिले जबाबदार, साठेबाज व्यापारी दुसरे. परंतु प्रांतात मंत्रिमंडळ होते ते नाझिमुद्दीन यांचे आणि त्यात जोगेंद्रनाथ होते. तीन मंत्रिपदे मिळाली म्हणून उपाशी माणसाच्या थाळीत भात पडला नाही. सत्तेत बसण्याची मर्यादा काय असते, ते या वर्षाने दाखवून दिले.

१९४६ : खरा पराक्रम कोणता?

बाबासाहेबांनी जुलै १९४२ मध्ये नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना केली. तिची बंगाल शाखा १९४३ साली जोगेंद्रनाथांनी उभी केली. ‘जागरण’ हे पत्रही त्यांनी चालवले. १९४६ च्या निवडणुकांत फेडरेशनची देशभर धूळधाण उडाली. १५१ राखीव जागांपैकी हाती लागल्या अवघ्या दोन. बंगालमधून एकटे जोगेंद्रनाथ निवडून आले. संयुक्त मतदारसंघात राखीव जागेवरही सवर्णांच्या पसंतीचाच दलित निवडून येतो, हे बाबासाहेब १९३२ पासून सांगत होते. त्याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा?

आता संविधान सभेची निवडणूक आली. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण आपल्याच व्यासपीठांवरून ती चुकीची सांगितली जाते. ‘जेसोर-खुलना मतदारसंघातील जनतेने बाबासाहेबांना निवडून दिले’ असे म्हटले जाते. संविधान सभेसाठी जनतेने मतदान केलेच नव्हते. प्रांतिक विधानसभांचे आमदार पसंतीक्रमाच्या पद्धतीने सदस्य निवडणार होते. मुंबई विधानसभेत फेडरेशनचा एकही आमदार नव्हता, म्हणून बाबासाहेबांना मुंबईतून वाट नव्हती. बंगालमध्ये आशा होती ती युरोपियन आमदारांची, पण त्यांनी मतदानात भाग न घेण्याचे ठरवले. राहिले एकटे जोगेंद्रनाथ. पक्षाचा एक आमदार, म्हणजे एक मत.

या एका मताची त्यांनी पुरेशी मते केली. कशी? अपक्ष दलित आमदारांना गाठून, आणि ज्यांना काँग्रेसने तिकीट दिले, काँग्रेसने निवडून आणले, त्यांच्यापैकीही काहींना वळवून. कलकत्त्यात त्या दिवसांत काँग्रेसची किती दहशत होती, पैशाचे काय बळ होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आमदारांच्या हिमतीची कल्पना येते. जुलै १९४६ मध्ये बाबासाहेब बंगालमधून संविधान सभेवर निवडून आले. १७ डिसेंबर १९४६ रोजी त्यांनी त्या सभेत जे पहिले भाषण केले, ते बंगालचे प्रतिनिधी म्हणून केले. जोगेंद्रनाथांचा खरा पराक्रम आम्ही यात पाहतो. पक्षांच्या भिंती ओलांडून समाजाच्या आमदारांना एका रात्रीपुरते का होईना, एका मुठीत आणण्याची ती करामत होती. केवळ स्वतःचे मत देणे कुणालाही जमले असते.

याला जोडून दुसरी एक कथा सांगितली जाते. बाबासाहेबांना निवडून दिल्याची शिक्षा म्हणून काँग्रेसने बंगालचे चार हिंदूबहुल जिल्हे पाकिस्तानला देऊन टाकले, अशी ती कथा. ऐकायला ती जोरकस वाटते, पण तपासायला गेले की टिकत नाही. जेसोर, फरीदपूर आणि बाकरगंज हे जिल्हे १९४१ च्या शिरगणतीप्रमाणे मुस्लिमबहुल होते. खुलना तेवढा काठावरचा हिंदूबहुल होता आणि तो पाकिस्तानात गेला. मुस्लिमबहुल मुर्शिदाबाद मात्र भारताकडे राहिला. रॅडक्लिफ यांचा निवाडा १७ ऑगस्ट १९४७ रोजी जाहीर झाला. त्याच्या आधीच, जुलैमध्ये, बाबासाहेब मुंबईतून जयकरांच्या रिकाम्या जागेवर संविधान सभेत परत आले होते आणि १५ ऑगस्टला देशाचे कायदामंत्रीही झाले होते. बाबासाहेबांची बंगालची जागा गेली ती बंगालची फाळणी झाल्यामुळे. काँग्रेसचे अस्पृश्यांवरचे अन्याय थोडे नाहीत. ते सांगताना आपल्याला एकाही कल्पित गोष्टीची गरज नाही. आपण खोटे एक सांगितले की विरोधक आपली नव्वद खरी नाकारतात.

विश्वासाने घात

एप्रिल १९४६ मध्ये सुऱ्हावर्दी यांच्या मंत्रिमंडळात जोगेंद्रनाथ मंत्री झाले. १६ ऑगस्टला कलकत्त्यात कत्तल सुरू झाली, ऑक्टोबरमध्ये नोआखाली पेटले. हजारो माणसे मेली. हिंदू वर्तमानपत्रांनी आणि पुढाऱ्यांनी जोगेंद्रनाथांचा राजीनामा मागितला, धमकीची पत्रे येऊ लागली. त्यांनी ‘जागरण’मधून समाजाला सांगितले की काँग्रेस आणि लीग यांच्या या रक्तरंजित भांडणात पडू नका. दंगलीत लाठी उचलायला नामशूद्र हवा आणि पंगतीला बसायला नको, हा सवर्णांचा डाव त्यांनी ओळखला होता. त्याच महिन्यात लीगने आपल्या पाच प्रतिनिधींपैकी एक म्हणून त्यांना दिल्लीच्या हंगामी सरकारात पाठवले. त्यांच्याकडे कायदा खाते आले.

१९४७ च्या वसंतात सवर्ण पुढाऱ्यांनी बंगालच्या फाळणीची मागणी उचलून धरली. १९०५ साली फाळणीविरुद्ध आकाश-पाताळ एक करणारा हाच वर्ग! जोगेंद्रनाथांनी फाळणीला कडाडून विरोध केला. त्यांचा मुद्दा असा होता की, पैसेवाले बाबू लोक कलकत्त्यात घरे घेतील, नोकऱ्या बदलून घेतील. नामशूद्राची जमीन पूर्वेला आहे, तो ती डोक्यावर घेऊन जाणार आहे काय? पुढे घडले तेही अगदी तसेच. आधी भद्रलोक निघून गेले आणि मार खायला नामशूद्र मागे राहिले.

निदान अचूक होते. उपाय मात्र चुकला. फाळणी टळत नाही म्हटल्यावर जोगेंद्रनाथांनी लीगच्या शब्दावर भिस्त ठेवली. जुलै १९४७ मध्ये सिल्हेटच्या सार्वमतात त्यांनी लीगच्या बाजूने प्रचारही केला. १० ऑगस्ट १९४७ रोजी कराचीत पाकिस्तानच्या संविधान सभेची पहिली बैठक भरली तेव्हा हंगामी अध्यक्षपदी जोगेंद्रनाथ मंडल होते. दुसऱ्या दिवशी जिनांनी सर्व धर्मांच्या नागरिकांना समान हक्कांचे अभिवचन देणारे आपले गाजलेले भाषण केले. जोगेंद्रनाथ पाकिस्तानचे पहिले कायदा आणि कामगार मंत्री झाले. एक अस्पृश्य माणूस एका नव्या देशाच्या संविधान सभेच्या पहिल्या आसनावर! याहून मोठा मान कोणता?

पण मान म्हणजे हमी नव्हे. १९४३ चे जोगेंद्रनाथ करार करून सरकारात गेले होते आणि त्यांच्या मागे २१ आमदार होते. १९४७ चे जोगेंद्रनाथ विश्वासावर गेले. लाहोर ठरावातील अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचे कलम आणि जिनांचे अभिवचन एवढेच त्यांच्या हातात होते. सभागृहात लीगचे पूर्ण बहुमत, तेव्हा यांच्या पाठिंब्यावाचून कुणाचे काही अडत नव्हते. पूर्व बंगालच्या मंत्रिमंडळात अनुसूचित जातींचे दोन मंत्री घ्या म्हणून ते नाझिमुद्दीन यांना विनवत राहिले. ‘घेऊ’ म्हणून आश्वासने मिळत राहिली. जे नाझिमुद्दीन १९४३ साली तीन मंत्रिपदे मोजून देत होते, ते आता एकही देईनात. माणूस तोच होता, गरज संपली होती.

बाबासाहेबांनी हे वेळीच ओळखले. नोव्हेंबर १९४७ मध्ये त्यांनी पाकिस्तानात अडकलेल्या अस्पृश्यांना भारतात येण्याचे जाहीर आवाहन केले आणि लीगवर विसंबू नका असे बजावले. कराचीत सफाईचे काम करणाऱ्या आपल्या लोकांना अत्यावश्यक सेवेच्या नावाखाली अडवून ठेवले जात होते, त्याबद्दल त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. म्हणजे या टप्प्यावर नेता आणि अनुयायी यांचे मार्ग वेगळे झाले होते. हे कबूल करण्यात कमीपणा कसला?

११ सप्टेंबर १९४८ रोजी जिना वारले. त्यांच्या शब्दाचा वारसदार कुणी नव्हता. मार्च १९४९ मध्ये पाकिस्तानच्या संविधान सभेने उद्दिष्टांचा ठराव मंजूर करून राज्याला धर्माचा पाया दिला. डिसेंबर १९४९ मध्ये खुलना जिल्ह्यातील कालशिरा येथे नामशूद्र वस्तीवर पोलीस आणि गुंडांनी अत्याचार केले. फेब्रुवारी १९५० मध्ये ढाका आणि बारिसाल पेटले. जोगेंद्रनाथांच्या स्वतःच्या जिल्ह्यात, स्वतःच्या लोकांची घरे जळत होती आणि ते त्या देशाचे कायदामंत्री होते! एप्रिलमध्ये नेहरू-लियाकत करार झाला, पण खेड्यातल्या नामशूद्राच्या जिवात जीव आला नाही. अखेर ८ ऑक्टोबर १९५० रोजी कलकत्त्याहून जोगेंद्रनाथांनी पंतप्रधान लियाकत अली यांना आपला राजीनामा पाठवला. ते प्रदीर्घ पत्र म्हणजे गावोगावच्या अत्याचारांची तपशीलवार जंत्री आहे. पाकिस्तानात हिंदूंना जागा उरलेली नाही आणि आपल्या मनावर असत्याचे हे ओझे आता वाहवत नाही, अशा आशयाची कबुली त्यात आहे. पदाला चिकटून राहून गप्प बसणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी ते केले नाही, हेही त्यांच्या खात्यावर मांडले पाहिजे.

शेवटची अठरा वर्षे

भारतात परतल्यावर त्यांना कुणी विचारले नाही. सवर्णांच्या लेखी ते गद्दार आणि ज्यांच्यासाठी ते झिजले तो समाज निर्वासितांच्या छावण्यांत विखुरलेला. नेता परत आला, मतदारसंघ परत आला नाही. निर्वासितांच्या प्रश्नावर ते लढत राहिले, पुढे रिपब्लिकन पक्षाचे काम करीत राहिले, निवडणुका लढले आणि हरले. ५ ऑक्टोबर १९६८ रोजी सीमेवरच्या बनगाव येथे त्यांचे निधन झाले. पलीकडे तासा-दोन तासांच्या अंतरावर ते जेसोर होते, ज्याचे नाव आपण त्यांच्या नावाला जोडून घेतो.

त्यांच्या लोकांचे हाल त्यांच्यानंतरही संपले नाहीत. नामशूद्र निर्वासितांना दंडकारण्यात नेऊन टाकण्यात आले. तिथून १९७८ साली काही हजार लोक सुंदरबनातील मरीचझापी बेटावर येऊन वसले. १९७९ साली डाव्या आघाडीच्या सरकारने नाकेबंदी आणि गोळीबार करून त्यांना उठवले. राज्य काँग्रेसचे असो, लीगचे असो की डाव्यांचे, लाठी नामशूद्राच्याच पाठीवर.

आणि हा प्रश्न दूरच्या बंगालचा आहे असे समजू नये. यातलेच काही निर्वासित १९६० च्या दशकात आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात वसवले गेले. बंगालमध्ये जो नामशूद्र अनुसूचित जातीत मोडतो, त्याचे नाव महाराष्ट्राच्या यादीत नसल्याने त्याच्या मुलांना येथे सवलती मिळाल्या नाहीत. ती माणसे कित्येक वर्षे ही मागणी करीत आली. बाबासाहेबांना संविधान सभेत पाठवणाऱ्या समाजाची लेकरे आपल्या दारात जातीच्या दाखल्यासाठी खेटे घालतात आणि आपण सभांमधून महाप्राणांचा जयजयकार करतो! या मागणीमागे आपल्या किती संघटना उभ्या राहिल्या?

धडा

जोगेंद्रनाथांच्या कारकिर्दीतून आम्ही हाच अर्थ घेतो. त्यांचे दुसऱ्याशी हात मिळवणे चुकले नाही. अल्पसंख्य समाजाला कुणाशी तरी हात मिळवावाच लागतो. १९४३ साली त्यांनी तो मोजून, अटी लिहून, मागे आमदार उभे करून मिळवला आणि काहीतरी पदरात पाडले. १९४७ साली मागे संघटना राहिली नाही, हातात लेखी हमी आली नाही, फक्त सन्मानाची खुर्ची मिळाली. खुर्ची एका माणसाची असते, तिच्यावर समाज बसू शकत नाही. याउलट बाबासाहेबांना काँग्रेसवर काडीचा विश्वास नव्हता. म्हणूनच ते त्या सरकारात बसले तेव्हा त्यांनी आश्वासने गोळा केली नाहीत, कलमे लिहून घेतली. अस्पृश्यता नष्ट करणारे १७ वे कलम आज कोणत्याही पुढाऱ्याच्या मर्जीवर चालत नाही. कोण वारले, कोण बदलले, कोणाची गरज संपली, त्याने ते कलम वारत नाही.

आज आपल्यातले अनेक पुढारी या ना त्या पक्षाच्या दारात उभे आहेत. विधान परिषद, महामंडळ, एखादे राज्यमंत्रिपद यावर समाजाच्या मतांचा सौदा होतो. त्यांना आमचा साधा प्रश्न आहे. तुमच्या मागे २१ जण आहेत काय? तुमच्या अटी कागदावर आहेत काय? आणि त्या अटींत तुमच्या खुर्चीखेरीज शिक्षणाचे पाच लाख आणि नोकऱ्यांचे प्रमाण आहे काय? या तिन्हींची उत्तरे ‘होय’ असतील तर खुशाल जा, समाज तुमच्या पाठीशी राहील. ‘नाही’ असतील तर महाप्राण जोगेंद्रनाथ मंडल यांचे ते राजीनाम्याचे पत्र एकदा मिळवून वाचा आणि मग ठरवा.